देवांची फाईल

माणसाने पन्नाशी उलटल्यावर नवीन छंद लावून घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी पन्नाशी उलटल्यावर आणि छंद लावून घेतल्यावर बनवलं, पण म्हणून काही ते हलकं ठरत नाही. दारू, पत्ते, घोडे हे छंद निदान बदनाम तरी आहेत, माणूस जरा जपून असतो. मी नुसतं एक पुस्तक वाचायला घेतलं होतं.

कारण आमची चिंगी. एकुलती एक मुलगी, नकाशे काढण्याच्या कचेरीत कामाला, माझ्यापेक्षा उंच, चष्मेवाली, तरी घरात चिंगीच. तिला दूरच्या एका शहरात बंदर खात्यात नोकरी लागली होती आणि महिनाअखेर ती जाणार होती. आता जाणार म्हटल्यावर घरात दोन शब्द जास्त बोलावेत की नाही? "जेवलीस?" "हो." "कामाचं काय म्हणतेस?" "ठीक." "तिकडे थंडी असेल का गं?" "बघू." मी तार खात्यात असतो तर अशा मुलीचा मला अभिमानच वाटला असता.

तीच मुलगी संध्याकाळी खिडकीत एक जाडजूड पुस्तक उघडून बसायची आणि मग तिचा चेहरा नुसता बोलायला लागायचा. हसायची, भुवया चढवायची, कोणावर तरी मनापासून रागवायची. एकदा चष्मा काढून डोळे पुसताना मी पाहिलं. सरळच सांगतो, मला त्या पुस्तकाचा हेवा वाटला. जाण्याआधी ह्या मुलीशी एकदा तरी पोटभर बोलायचं, एवढंच मला हवं होतं. मी ठरवलं की हे पुस्तक गुपचूप वाचून काढायचं आणि एक दिवस जेवताना, काही विशेष नाही अशा थाटात, विषय काढायचा.

तिची प्रत तिच्या उशाशी असायची, तेव्हा ती घेण्यात अर्थ नव्हता. मी वाचनालयात गेलो.

"सभासद व्हायला जामीन लागतो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"पुस्तकाला?"

"माणसाला. पुस्तकावर आमचा विश्वास आहे."

आमच्या इमारतीत वाचनालयाचे सभासद एकच, तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. हे गृहस्थ जिन्यात लावलेल्या 'उद्या पाणी येणार नाही' ह्या सूचनेतसुद्धा लाल पेनाने दुरुस्त्या करतात. त्यांनी सही दिली, पण आधी पुस्तकाचं नाव विचारलं, विषय विचारला आणि ह्या वयात हे का, तेही विचारलं. विषय मला तरी कुठे ठाऊक होता? नावात 'देव' दिसलं होतं म्हणून म्हटलं, देवांबद्दल आहे. ते प्रसन्न झाले.

पुस्तक सापडलं ते प्रौढ शिक्षणाच्या कपाटात. 'आपली सही सुधारा' आणि 'पाणी उकळून का प्यावे' ह्या दोघांच्या मधोमध. "मागे प्रौढांसाठी असं छापलंय," बाई म्हणाल्या, "मग कुठे ठेवणार?" मुखपृष्ठावर एक देवी पाण्यातून वर येत होती. हातात दिवा होता. खांद्यांवर काही नव्हतं. तिच्या मागे होडीत एक पुरुष उभा होता, आणि तो मदतीला आलाय की भाडं मागायला, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

जिन्यात हेडमास्तरांनी ते मुखपृष्ठ पाहिलं आणि त्यांची प्रसन्नता गेली. "ह्याला खाकी कव्हर घाला," ते म्हणाले. "माझं नाव आहे जामीन म्हणून." मी कव्हर घातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. एरवी कोणी ढुंकून पाहिलं नसतं, पण कव्हरामुळे पुस्तक लांबूनच संशयास्पद दिसायला लागलं.

"काय वाचताय?" हिने विचारलं.

"देवाधर्माचं आहे."

"हो का? देवाधर्माच्या पुस्तकाला कव्हर घालणारा माणूस मी आजच पाहिला," ही म्हणाली आणि आत गेली.

आता इथे मला माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी अपिलांच्या खात्यात आहे. कोणाची भिंत पाडली, कोणाला दंड झाला, कोणाची परवानगी नाकारली, की तो अपील करतो आणि त्याची फाईल माझ्याकडे येते. मी ती वाचून खाली शेरा लिहितो की दोष अमक्याचा. ह्यात जन्म गेला. आणि फाईलमध्ये सगळ्यात ताजा कागद सगळ्यात वर लावलेला असतो. आधी निकाल वाचायचा, मग सुनावणी, मग पंचनामा, आणि अगदी तळाशी ते मूळ भांडण, कोणीतरी कोणाच्या तरी दारात पाणी सांडलेलं. कागदपत्र असंच वाचतात. रविवारी दुपारी मी आरामखुर्चीत बसलो, पुस्तक घेतलं आणि नेहमीच्या सवयीने शेवटचं प्रकरण उघडलं. ते संपल्यावर त्याच्या आधीचं. मला ह्यात काही वावगं आहे अशी शंकासुद्धा आली नाही.

शेवटच्या प्रकरणात पूर आला होता. नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी होडीवाल्याने दिव्यांच्या देवीचा हात धरला होता. तिचं अर्धं अंग पाण्यात. ती म्हणत होती, सोडू नकोस. आणि त्या इसमाने हात सोडला. दिवे दिसेनासे झाले. मी ताबडतोब पेन्सिलीने चिठ्ठीवर शेरा मांडला, 'होडीवाला पूर्णपणे दोषी', आणि ती खूण म्हणून पुस्तकात घातली. इतकी सोपी फाईल बऱ्याच वर्षांत हातात आली नव्हती.

मग त्याच्या आधीचं प्रकरण वाचलं. तिथे हाच माणूस तिला होडीत निजवून, स्वतः उपाशी राहून, हात सोलवटेपर्यंत वल्ही मारत होता. मी शेऱ्यातलं 'पूर्णपणे' खोडलं. त्याच्या आधी त्याने एका आंधळ्या म्हाताऱ्याची भाकर चोरली होती. 'पूर्णपणे' परत लिहिलं. त्याच्याही आधी तोच म्हातारा निघाला न्यायाचा देव, फरारी, आणि त्याने एक अख्खं गाव जाळलेलं. मी खोडरबर शोधायला उठलो.

ह्या पुस्तकातले देव भाड्याच्या खोल्यांत राहतात. लोकांनी त्यांना विसरायला सुरुवात केली तशी त्यांची देवळं गेली आणि ते मिळेल ते काम करायला लागले. पावसाच्या देवाच्या खोलीचं छत गळतं. विसरण्याच्या देवाचं हरवलेल्या वस्तूंचं दुकान आहे, आणि तो स्वतः किल्ल्या शोधत असतो. प्रेमात तर हे देव वरचेवर पडतात, आणि पडल्यावर काय होतं ते सांगायला लेखकाने अजिबात आळस केलेला नाही. अशी पानं मी खुर्ची भिंतीकडे फिरवून वाचली.

पण गंमत अशी, की शेवटाकडून वाचत गेलं ना, की मेलेली माणसं उठून बसतात. एका पानावर राख झालेलं कोठार पुढच्या प्रकरणात धान्याने भरलेलं असतं. एकमेकांचे गळे कापलेले दोघे भाऊ थोड्या वेळाने एकाच ताटात जेवत असतात, आणि त्याच्याही पलीकडे गेलं की एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपलेले दिसतात. सगळे हळूहळू तरुण होतात, बरे होतात. मला त्याची अशी काही गोडी लागली की बसमधून उतरल्यावरही डोळ्यांवरची ती झापड जाईना. समोरच्या दुकानात शिंपी एका कोटाची शिवण उसवत बसला होता. मी फुटपाथवर उभा राहून पाहत राहिलो, एकेक टाका मोकळा होत होता, आणि मला वाटलं, हा कोण असेल? झालेलं न झालेलं करणारा कोणी देव असणार, भाडं थकलेला. शिंप्याने वर पाहिलं आणि विचारलं, "माप द्यायचंय का?" मी नाही म्हटलं. पण पुढच्या चौकात कुलपं दुरुस्त करणारा दिसला, आणि पुन्हा उभा राहिलो.

कचेरीत ह्याचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील? दोन शेजाऱ्यांच्या भिंतीची साधी फाईल होती. मी खाली लिहिलं, 'दोन्ही पक्ष आपापल्या जागी दुखावलेले दिसतात.' साहेबांनी आत बोलावलं.

"हे काय आहे? दोष कोणाचा?"

"सांगणं कठीण आहे, साहेब. ज्याने भिंत पाडली, तो मागच्या पानांवर फार चांगला माणूस होता."

साहेबांनी फाईल मिटली. मग आवाज उतरवून म्हणाले, "घरी सगळं बरं आहे ना? मुलगी जातेय ना तुमची?" मला जे कोणी विचारू नये असं वाटत होतं, नेमकं तेच. मी फाईल उचलून बाहेर आलो.

अर्ध्याहून जास्त पुस्तक झालं, आणि मला धीर धरवेना. एका संध्याकाळी तिघं जेवायला बसलो असताना मी पाण्याचा पेला उचलला आणि ठरल्याप्रमाणे, काही विशेष नाही अशा थाटात म्हणालो, "पण काही म्हण चिंगे, होडीवाल्याने शेवटी तिला बुडवायला नको होतं."

चिंगीचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्ही ते पुस्तक वाचताय?"

आणि तिचा चेहरा. काय सांगू तुम्हाला. तिच्या खिडकीतला तो चेहरा, माझ्याकडे वळलेला, माझ्यासाठी. तो मी जेमतेम बघून घेतला असेन नसेन, तेवढ्यात तिने पुढे विचारलं, "शेवटी म्हणजे?"

"म्हणजे शेवटच्या प्रकरणात. हात सोडतो ना तो तिचा."

"शेवटचं प्रकरण मी गाडीत वाचायला ठेवलं होतं, बाबा," ती म्हणाली. "एकटीने जायचं तर सोबत असू दे म्हणून ठेवलं होतं." कित्येक महिन्यांत ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती. मग ताट उचलून आत गेली.

"तोंड आहे की सार्वजनिक नळ?" ही म्हणाली.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही बातमी जिन्याने खालीवर फिरून आली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "माफीबिफी मागू नका हं. बाप माफी मागायला लागला की पोरींना वाटतं, खरंच काहीतरी मोठं झालंय." हेडमास्तर म्हणाले, "सरळ खोटं बोला. सत्य हे विद्यार्थ्यांसाठी असतं." मी हेडमास्तरांचं ऐकलं. चिंगी चपला घालत होती तेव्हा तिला म्हटलं, "अगं, मी चुकून दुसऱ्याच पुस्तकाचा शेवट सांगितला."

"त्यातही होडीवाला होता?"

"होडीवाले बऱ्याच पुस्तकांत असतात."

"आणि दिव्यांची देवी?"

ती गेली. त्यानंतर तिने "हो" आणि "बघू"सुद्धा बंद केलं. म्हणजे होतं तेही गेलं. घरात बॅगा निघाल्या, कपाटं रिकामी व्हायला लागली. ज्या मुलीशी बोलायचं म्हणून हा खटाटोप केला, ती माझ्या समोरून टॉवेल घेऊन जाई आणि मी वर्तमानपत्राच्या आडून बघत बसे.

अशात हेडमास्तर पुस्तक मागायला आले. "जामीन ह्या नात्याने एकदा नजर टाकतो," म्हणाले. नजर चांगली आठवडाभर टाकली. पुस्तक परत आलं ते लालेलाल होऊन. पावसाच्या देवाला शंभरपैकी एकोणचाळीस. फरारी न्यायदेवाच्या नावापुढे 'पालकांना भेटावे'. प्रेमाच्या पहिल्या प्रसंगावर काट मारून 'अनावश्यक' असं लिहिलं होतं. दुसऱ्यावर 'अनावश्यक, पण ठीक'. तिसऱ्यापाशी समासात नुसती एक उभी रेघ, आणि पानाचा कोपरा दुमडलेला.

मी ते खोडून काढेपर्यंत मुदत संपली. ग्रंथपाल बाईंनी पानं चाळली, पुस्तक जप्त केलं आणि माझं सभासदत्व स्थगित केलं.

"अहो, हे मी नाही केलं," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात. अपील करा."

आयुष्यभर इतरांची अपिलं वाचणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकावं लागलं. "अपील कोणाकडे?" मी विचारलं.

"समितीच्या अध्यक्षांकडे. तुमच्या तळमजल्यावरचे हेडमास्तर."

हेडमास्तरांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "मला तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे," ते म्हणाले. "पण पुस्तक तुमच्या नावावर होतं. अध्यक्ष म्हणून मला तुमच्या विरुद्धच जावं लागेल." आणि त्यांनी मला चहा दिला. चांगला दिला, आलं घालून. हा मनुष्य चांगला की वाईट, ह्याचा विचार करत मी तीन मजले चढलो आणि मला काही ठरवता येईना.

माझ्या हातून पुस्तक गेलं तेव्हा होडीवाला जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा झाला होता. देवीची आणि त्याची ओळख कशी झाली, हे अजून यायचं होतं. इतकी वर्षं फाईली वाचल्या, पण तळाचा कागद पाहिल्याशिवाय कधी उठलो नव्हतो. मला करमेना. आणि चिंगी दुसऱ्या दिवशी निघणार होती.

दुपारची वेळ होती. तिच्या खोलीत पलंगभर कपडे पसरलेले, खिडकीतून ऊन आत येऊन रिकाम्या बॅगेत पडलेलं. मी दारात उभा राहिलो. अभिमान वगैरे बाजूला ठेवला आणि विचारलं, "सुरुवात कशी आहे गं?"

"कसली?"

"पुस्तकाची. मी सुरुवात वाचलेली नाही. मी मागून वाचत आलो."

"मागून म्हणजे?"

मी सांगितलं, खात्यात फाईल कशी लावतात, ताजा कागद कुठे असतो, निकाल आधी का बघायचा. ती ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती कपड्यांच्या ढिगावरच बसली आणि पोट धरून हसली. "बाबा, शेवट आधी कोण वाचतं हो?"

"आमच्या खात्यात सगळेच."

हसून झाल्यावर तिने चष्मा पुसला आणि सांगायला लागली. एकेक कपडा घडी करता करता सांगत होती. नदीकाठी एक पोरगा आहे, त्याची होडी बापाची आहे, आणि एका सकाळी घाटावर एक लहान मुलगी बसलेली असते, तिच्या ओंजळीत दिवा आहे आणि पावसातही तो विझत नाही. मी मध्येच म्हणायचो, हा तोच भाऊ ना, ज्याने नंतर... आणि ती ओरडायची, "पुढचं नाही सांगायचं." ती सुरुवातीकडून येत होती, मी शेवटाकडून, आणि आम्ही मधे कुठेतरी त्या नदीवर भेटलो. ऊन बॅगेतून निघून भिंतीवर चढलं. ही चहा घेऊन आली आणि दारातच टेकून बसली, चहा कोणी घेतला नाही. मला वाटलं, चिंगीने असंच सांगत राहावं. घड्या उलगडत जाव्यात, कपडे पुन्हा कपाटात जावेत, आणि मुलगी लहान लहान होत माझ्या मांडीवर यावी.

"एक गोष्ट मात्र नाही सांगणार," ती शेवटी म्हणाली. "पहिल्याच भागात ती त्याच्याकडून एक वचन घेते. ते मी माझ्याकडे ठेवणार. तुम्ही माझा शेवट घेतलात ना? फिट्टंफाट."

सकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. सामान चढवायचं होतं. चिंगी डब्याच्या दाराशी उभी होती, पाय उचलत नव्हती. ही पाण्याची बाटली आणायला गेली होती.

"बाबा," चिंगी हळूच म्हणाली, "मी नाही गेले तर? अजून नाही म्हणता येईल. इथली नोकरी काही वाईट नाहीये."

ह्याच वाक्यासाठी मी इतके दिवस झुरत होतो. नको जाऊस, हे माझ्या अगदी ओठांवर होतं. पण बंदराच्या कामाची जाहिरात तिने पहिल्यांदा दाखवली होती, तेव्हाचा तिचा आनंदलेला आवाज मला आठवला. मी तिची बॅग उचलून आत ठेवली आणि म्हणालो, "चढ. उगाच वेळ काढू नकोस." आवाज कचेरीतला लागला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती चढली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीत होती, पण माझा चष्मा नेमका तेव्हा खराब झाला.

"असं तुटक बोलतात का पोरीशी?" ही परतीच्या वाटेवर म्हणाली. हिने बाटली आणताना ऐकलं होतं. बोलण्यासारखं होतं काय? इतके दिवस जपून ठेवलेलं बोलणं, आणि शेवटी पोरीला काय दिलं, तर दटावणी. घरी येऊन तिच्या खिडकीत बसलो. समोर शिंप्याचं दुकान बंद होतं.

दुपारी फोन वाजला. चिंगीचा. मागे गाडीची खडखड.

"बाबा, झालं वाचून."

"बरं."

"वचन सांगू का? पहिल्या भागात ती त्याला सांगते, समुद्र आला की माझा हात सोडायचा. मी पाण्याची आहे, मला तिथे जायचंय. पण तेव्हा मी घाबरेन. सोडू नकोस म्हणेन. तू माझं ऐकायचं नाहीस."

मी खिडकीची चौकट धरली. "मग बुडत नाही ती?"

"बुडते असं कुठे लिहिलंय? दिवे दिसेनासे होतात, एवढंच आहे. ती लांब गेली म्हणून. बुडवलंत तुम्हीच." मग तिचा आवाज हळू झाला. "बाबा, सकाळी तुम्ही माझं ऐकलं नाहीत, ते बरं केलंत. तुम्हाला किती जड गेलं ते मला दिसलं हो."

मग ती बोलायला लागली. शेजारी कोण बसलंय, खिडकीतून काय दिसतंय, होडीवाला नंतर काय करत असेल, त्याचा पुढचा भाग कोणी लिहायला हवा की नको. बोगदा आला की आवाज जायचा, बाहेर आली की पुन्हा यायचा, आणि ती तुटलेल्या वाक्यापासून पुढे सुरू करायची.

ही केव्हापासून माझ्यासमोर हात पुढे करून उभी होती. "द्या की आता इकडे," म्हणत होती. मी फोन काही सोडला नाही.